काटकसरीचा कागद

सरकारी कामावर एक उन्हाळा काढला की किस्से साठतात. खडी मोजायला ओव्हरसियर असतो, किस्से कोणी मोजत नाही, म्हणून ते आमच्यासारख्या हजेरी कारकुनांकडे उरतात. दुष्काळाच्या वर्षी मी वेल्ह्याच्या रस्त्याच्या कामावर होतो. हे तिथले.

*

एप्रिलमध्ये भोरहून खास जीप आली. आत कागद एकच: तिजोरी आटली आहे, काटकसर करा. ड्रायव्हर पोच घ्यायला दुपारपर्यंत थांबला आणि जेवून गेला! तेवढ्यात आमचे ओव्हरसियर देशमाने यांनी पहिली काटकसर करूनही टाकली. पाणी आणणारी बाई कमी केली.

कामथडीची ठकूबाई टोपलं खाली ठेवून म्हणाली, "साहेब, तहान कमी करायचा कागूद कवा येनार?"

"वर विचारतो," देशमाने म्हणाले. खरंच विचारलं असतं, असा माणूस होता तो.

*

मग एक मोठे साहेब आले. तंबूच्या सावलीत उभं राहून त्यांनी उन्हात बसलेल्यांना देशाची आर्थिक परिस्थिती समजावली. जमा कमी, खर्च जास्त, तेव्हा प्रत्येकानं त्याग करायला हवा.

भोंगवलीचा गुणाबा हात जोडून उठला. "साहेब, आमी काय सोडायचं तेवढं सांगा, म्हंजी आजपासनं सोडतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

*

दुसरा कागद आला: परराज्यातले मजूर काढा आणि नवीन नाव एकही घेऊ नका. आमच्याकडे तेलंगणातली सहा माणसं होती. कातळ फोडावा तर त्यांनीच. "भायेरच्यांना काढा," असं सगळ्यात आधी गुणाबाच म्हणत होता. ती गेली आणि आमच्या लोकांचे खडीचे ढीग निम्म्यावर आले. मजुरी ढिगावर मिळायची.

आठवड्यानं गुणाबा आपल्या फुटलेल्या हातांकडे बघत बसला होता. "आता सगळी आपलीच माणसं आहेत की," मी चिडवलं.

"व्हय," तो म्हणाला, "दगूड तेवढा ऐकंना."

त्या सहांतली यल्लम्मा मात्र गेली नाही. तिच्या नवऱ्याच्या पायावर इथलाच धोंडा पडला होता. तो भोरच्या दवाखान्यात होता. काम नाही म्हणजे हिला भाकरी नाही आणि त्याला डबा नाही. तिचं नाव मीच खोडलं होतं. ती रोज समोर रस्त्याकडेला बसायची आणि मी मान वर करत नव्हतो. शरम वाटायची मला. ठकूबाई आपल्यातली अर्धी भाकरी तिला द्यायची.

*

मेच्या उन्हात ठकूबाईची सून, महादूची बायको काशी, डोक्यावरच्या टोपल्यासकट कोसळली. पाणी लांबून आणावं लागलं. ते येईपर्यंत ती गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरीआधी ठकूबाई माझ्याकडे आली. "तिचं नाव खोडू नगा."

मला वाटलं, हिला सुनेची मजुरी हवी आहे. "मावशी, मेलेल्या माणसाची हजेरी लावता येत नाही."

"लावू नगा. नुस्तं पुकारा."

मी पुकारलं, "काशीबाई महादू."

"हाय," यल्लम्मा म्हणाली. तिच्या हातात काशीचं टोपलं होतं.

ओळीत पुढं पहार घेऊन उभा असलेला महादू मागं वळला.

"पुढं बघ," ठकूबाई लेकाला म्हणाली.