पाठीवरची चेन

सूट कुरियरनं आला तेव्हा घरात मी एकटीच होते, तरी आधी दार लावून घेतलं. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही जो घालून करता येतं असा मांड्यांपर्यंतचा, अंगाला चिकटणारा काळा सूट. ट्रायथलॉनला, म्हणजे या तिन्हींच्या सलग शर्यतीला, नाव दिल्याचं मी शिकवत होते त्या शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. पहाटे धावणारी, सायकल चालवणारी बाई हिंगोलीत लोकांच्या सवयीची झाली होती. पोहण्याचं मात्र जमत नव्हतं. पंजाबी ड्रेसवर पोहून पाहिलं, तर कुर्ता फुगून गळ्याशी यायचा आणि सलवार पायांना वेढे घालायची. मोबाइलवरचा प्रशिक्षक सांगायचा, शर्यतीत जे घालणार तेच सरावाला घाला. शिवण कुठं काचते ते आधीच कळतं.

चेन पाठीवर होती. आपली आपण ओढता यावी म्हणून तिला लांब दोरी होती. ती ओढली, तर चेन मधेच अडकली. वर जाईना, खाली येईना. हात भरून आले. शेजारी कुटुंब राहत होतं, पण असल्या कपड्यात त्यांचं दार वाजवायची हिंमत झाली नाही. शेवटी वरून सैल ड्रेस चढवला आणि स्कूटीवरून नरसीच्या रस्त्याला निघाले.

तिथं एका काकूंच्या शेतात पायऱ्यांची विहीर होती. त्यांनी मला पोहू दिलं होतं, तेवढीच ओळख.

"काकू, एवढी चेन लावून देता?" मी वरचा ड्रेस काढून पाठ वळवली.

त्या हसल्या नाहीत. अडकलेलं कापड नखानं सोडवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. कितीतरी दिवसांनी माझ्या पाठीला कुणाचा तरी हात लागला होता.

"घरी कोणी न्हाई काय, मॅडम?"

"नाही."

"मंग अशी एकटी काहून उतरतीस पाण्यात? काई झालं तर कळंल कुणाला?"

'मॅडम'वरून 'तू'वर आल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नसावं. त्या दिवसापासून मी पाण्यात असेपर्यंत त्या काठावर बसू लागल्या. शर्यत तलावात होणार होती; तिथं पोहण्याच्या टाकीसारखी तळाला रेघ नसते, म्हणून दर काही हातांनी डोळे वर काढून दिशा बघावी लागते. त्याचा सराव म्हणून मी त्यांचं हिरवं लुगडं बघायचे.

शर्यत दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तलावावर होती. मानेला, काखेला व्हॅसलीन लावून मी घोळक्याच्या मागं उभी राहिले. पाण्यातून बाहेर आले ती सगळ्यांत शेवटी. ओरडणारी माणसं तोवर आपापल्यांच्या मागं सायकलींकडे गेली होती. पुढं मी काही जणांना गाठलं, शर्यत पुरी केली. एका कुटुंबानं फोटो काढून द्यायला सांगितलं. चारपाच काढून दिले आणि बस गाठली.

रविवारी विहिरीवर गेले.

"झाली का शर्यत?"

"झाली."

"कितवी आलीस?"

"पाण्यात शेवटची."

"बुडाली तर न्हाईस ना," त्या म्हणाल्या. "आता आणिक काहून आलीस?"

मी वरचा ड्रेस काढून त्यांच्याकडे पाठ केली. त्यांनी चेन गळ्यापर्यंत ओढली. बसायचं पोतं सावलीत ओढून त्या काठाला बसल्या आणि मी पायऱ्या उतरले.