पत्र्याच्या डब्यातली जट

नंदामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौसाळ्यात स्टँडसमोर पत्रकं वाटत होते. फोन त्यांच्या लेकीचा, मनीषाचा. "आई गेली गं... दुपारी खुर्चीत बसली ती उठलीच न्हाई. डॉक्टर म्हणले, हार्ट." केजला मावशींच्या घरी जायला जीप धरली, तर जीपमधल्या दोन बायकांना सगळं आधीच ठाऊक. एक दुसरीला सांगत होती, "ती पार्लरवाली गं. देवीच्या जटेला हात लावत होती. भोवलं." मला रडू आलं नाही, संताप आला. मावशींना बीपी होतं, गोळ्या त्या हटकून विसरायच्या, हे सगळ्या गल्लीला माहीत. मग दोन-तीन तासांत हे मरण देवीच्या नावावर चढवलं कुणी? मी त्या बाईला तिथंच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं हे?" तिनं पदर सावरला आणि बाहेर बघत म्हणाली, "लोकं म्हणतेत." या लोकांचा पत्ता मला आजवर कुणी दिलेला नाही.

पण संशय घेण्यात मीही कुणाला हार जाणारी नाही, आणि मावशींवर सगळ्यात जास्त संशय मीच घेतला. म्हणून हे लिहिते आहे.

आमचा पाच-सहा जणांचा गट आहे, आम्ही बायकांच्या डोक्यावरच्या जटा काढतो. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता वळत वळत दोरखंडासारखा घट्ट झालेला. आमच्याकडे तो दिसला की देवी आली म्हणतात, आणि मग त्या बाईला कंगवा नाही, कात्री नाही, धड मान वळवता येत नाही. हे मी पत्रकांत इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही म्हणेन. मावशींच्या पार्लरात मात्र मी पहिल्यांदा गेले ती दुसरंच पत्रक घेऊन, सौंदर्याच्या बाजाराविरुद्धचं. एका खोलीचं पार्लर, एक खुर्ची, एक आरसा. मावशींनी पत्रक उभ्यानंच शेवटपर्यंत वाचलं, घडी करून आरशामागं खोचलं आणि माझ्या डोक्याकडं बघितलं. "चांगलं लिहिलंयस. पण तुझे केस हायत पातळ, आन् तू ते इतके ताणून बांधतीस की कपाळ मागं सरकाया लागलंय. बंड कर बाई, पर सैल बांधून कर."

मला तो धंद्याचा डाव वाटला. तरीही मी जात राहिले, कारण त्या खुर्चीत बसलेल्या बायका आमच्या सभेत बोलत नाहीत ते सगळं बोलायच्या. नवऱ्या मुली मोबाइलवरचे फोटो पुढं करायच्या, "मावशी, असंच करा." मावशी फोटोकडं बघायच्याच नाहीत. "फोटोतल्या बाईचे केस फोटोत राहू दे, तुझे दाखव." आधी सगळे केस मुठीत धरून जाडी बघायच्या, मग एकच केस बोटांत फिरवायच्या, राठ आहे की रेशमासारखा. कमरेपर्यंत लांब पण पातळ केस असले तर वेणी सैल घालायची, मानेच्या खाली सुरू करायची आणि पेड बोटांनी हलके ओढून पसरायचे, म्हणजे भरल्यासारखी दिसते. वरून सागरवेणी घातली तर शेवटी उंदराचं शेपूट उरतं. दाट आणि लांब असले तर एका वेणीचं ओझं मानेवर येतं, तिथं दोन वेण्या किंवा पाचपेडी. निसरड्या केसांचा नुसता अंबाडा वरातीआधीच सुटतो, म्हणून आधी वेणी, मग ती गुंडाळून आकडे. आणि कुरळ्या केसांना वरून कंगवा घातलेला त्यांना खपायचा नाही. "ओल्या केसाला, मोठ्या दाताचा, खालून. वरून वढलं की गुंता खाली जाऊन घट व्हतो. आयांना ह्येच कळंना, आन् मग म्हणतेत देवी आली."

हे वाक्य ऐकलं आणि मी त्यांना गटात ओढलं. एका गावात आम्ही एका बाईची जट कापली. कात्री मी चालवली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. मावशी उरलेले केस सारखे करायला आल्या होत्या. डोक्याच्या मागं तळहाताएवढा बोडका भाग, बाई पदर ओढून तो झाकत होती. मावशी मला म्हणाल्या, "टाळ्या झाल्या तुमच्या? आता हिला आरसा कोण दावणार?" मग खाली पडलेली जट त्यांनी उचलली आणि पिवळ्या फडक्यात बांधून घेतली. "ही मला राहू दे." आम्ही जटा नष्ट करतो. पिवळं फडकं कशाला? पुढं एकदा पार्लरात आरशाखालचा पत्र्याचा डबा उघडा दिसला. आत तेच फडकं. मी सरळ विचारलं, "मावशी, पूजा करता काय हिची? का गंगावनं करून विकता?" त्यांनी डबा लावला. "तुला संशय हाय तर असू दे." एवढंच. दोन महिने मी तिकडं फिरकले नाही... आणि मग फोन आला तो मनीषाचा.

चौदाव्यानंतर मनीषानं खोली आवरायला घेतली, तेव्हा मला बोलावलं. डबा माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "ह्याच्यावरून भांडलीस ना आईशी? उघड तूच." फडक्यात जट होती, पण अर्धीच. टोकापासून हातभर ती सोडवलेली होती, धुतलेली, तेल लावलेली, आणि त्या मोकळ्या केसांची सैल पाचपेडी घातलेली. वर काळा कडक दोरखंड, खाली वेणी, दोन्ही एकाच बाईच्या डोक्याचे. सोबत एक दात गेलेला लाकडी कंगवा. "कात्री न लावता सुटती का, ते शिकत व्हती," मनीषा म्हणाली. "त्या कावेरीसाठी."

कावेरी मला माहीत होती. बारा वर्षांची, आईबापासोबत ऊसतोडीला जाणारी. कुरळे दाट केस, फडात धुवायला पाणी नाही, विंचरायला वेळ नाही... परत आली ती तीन जटा घेऊन. शाळा बंद झाली, यात्रेत तिला देवीला सोडायचं ठरलं. मी गेले होते तिच्या घरी, पत्रक आणि कात्री घेऊन, आणि तिच्या आईनं दार लावून घेतलं होतं. त्याच दारातून मावशी दर रविवारी आत जात होत्या. दोन जटा त्यांनी सोडवल्या होत्या. मानेवरची, सगळ्यात जाड, राहिली होती.

मी कात्री पिशवीतून काढून मनीषाकडं ठेवली आणि डबा घेऊन कावेरीच्या वस्तीवर गेले. तिची आई दारातच म्हणाली, "आता नको. नंदाबाई गेल्या ह्या जटेपायी." मी बीपी सांगितलं, गोळ्या सांगितल्या. तिनं ऐकलं नाही. मग मी फडकं सोडलं. तिनं वेणीवरून बोट फिरवलं, वर जिथं जट सुरू होते तिथपर्यंत नेलं, परत खाली आणलं. "ह्ये जटेतनंच निघालं?"

"तिच्यातूनच."

"कात्री न्हाई ना आणली?"

"नाही."

"मग कंगवा आधी देवीपुढं ठिवा. नंदाबाई ठिवायच्या. हात जोडायच्या, मगच डोक्याला हात लावायच्या."

मावशी हात जोडायच्या? मनापासून, की या आईनं दार उघडं ठेवावं म्हणून? हा संशय माझा अजून फिटलेला नाही, आणि आता विचारू कुणाला? मी तशीच उभी राहिले, ताठ. तेवढ्यात कावेरी उठली, माझ्या हातातला कंगवा घेतला, फळीवरच्या फोटोपुढं टेकवला आणि आणून परत माझ्या हातात दिला. "घ्या." पाठ करून बसली. मी जटेच्या मुळाकडं हात नेला तशी म्हणाली, "तिथनं नगं ताई. खालून धरा. आन् सुटल्यावर दोन वेण्या घालायच्या हायत, मावशी म्हणल्यात. एकीनं मान दुखंल."

आता रविवारी मी जाते. कंगवा कावेरीच देवीपुढं नेऊन ठेवते आणि आणून देते, मग मी खालून धरते. यात्रेला अजून अवकाश आहे. जट चार बोटं राहिली आहे.