रक्ताच्या रिपोर्टातली सतरावी ओळ

इंदोरा वस्तीतल्या त्या गल्लीत माया गजभियेंना सगळे ‘जर्मनवाल्या बाई’ म्हणतात. बाई जर्मनीला कधी गेल्या नाहीत. त्यांची जर्मन रक्तापुरती. तिकडच्या दवाखान्यांतले कॅन्सरच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट घरी बसून इंग्रजीत करायचे, हा त्यांचा अकरा वर्षांचा धंदा. अस्थिमज्जा, प्लेटलेट्स, गाठी, सगळं फाडफाड येतं.

या धंद्याने बाईंना भ्यायला मात्र शिकवलं. नवऱ्याच्या दंडावर निळा डाग दिसला की त्या लगेच त्याचं रक्त तपासून आणायला लावतात. मागे मुलीच्या हिरडीतून रक्त आलं, तर तिला ओढत धंतोलीतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नवा ब्रश घ्यायला सांगितलं.

नवरा सुशीलभाऊ शाळेत पीटी शिकवतात. त्यांना जर्मन येत नाही, पण या धंद्यात त्यांचाही हात आहे. काम पाठवण्याआधी ते इंग्रजी भाषांतर मोठ्याने वाचतात आणि बाई जर्मन कागदावर बोट ठेवून एकेक ओळ जुळवतात. भाऊंचा आवाज कवायतीचा. त्यामुळे समोरच्या किराणावाल्यालाही कोण्या अनोळखी जर्मन माणसाचं हिमोग्लोबिन माहीत असतं.

त्या शुक्रवारी दुपारी काटोलहून वामनराव आले. भाऊंच्या जुन्या हेडमास्तरांचे व्याही, संत्र्याचे बागाईतदार. मुलगा साहिल दोन वर्षांपासून जर्मनीत एका कंपनीत इंजिनिअर. महिनाभर थकवा होता म्हणून त्याने रक्त तपासून घेतलं. तिथला डॉक्टर भराभर काहीतरी बोलला, ते याला अर्धंच कळलं. कंपनीचं काम इंग्रजीत, घरचं बोलणं काटोलचं, मग जर्मन शिकणार कधी? त्याने रिपोर्ट बापाला पाठवून दिला. वामनरावांनी तो छापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता.

बाई समोर माणूस बसवून कधी काम करत नाहीत. पण काटोलहून बसने आलेल्या म्हाताऱ्याला ‘बाहेर बसा’ कसं म्हणायचं? वामनराव खुर्ची ओढून शेजारीच बसले आणि स्क्रीनकडे पाहण्याऐवजी बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले.

बाईंनी घाई केली. त्यांच्या कॉम्प्युटरात जुनी सगळी भाषांतरं साठवलेली असतात. नवं वाक्य जुन्याच्या जवळपास जाणारं असलं की तो आपणहून जुनं भाषांतर पुढे करतो. तपासायचं, बदलायचं, मग पुढे जायचं, असा नियम. काम संपलं तेव्हा सुशीलभाऊ सवयीने कागद घेऊन उठले. बाईंनी त्यांना डोळ्यांनीच बसवलं. पोराच्या रक्ताची एकेक ओळ बापासमोर कवायतीच्या आवाजात वाचायची? ते काही बाईंना झेपलं नाही.

“खराब तं काही नाही ना, बाई?” वामनरावांनी विचारलं.

एरवी बाई म्हणतात, मी डॉक्टर नाही, डॉक्टरला दाखवा. पण त्या तोंडाकडे पाहून त्यांनी सतरावी ओळ वाचून दाखवली, की कॅन्सरच्या कच्च्या पेशी आढळल्या नाहीत. वर म्हणाल्या, “तसं काही दिसत नाही, काकाजी.”

वामनरावांनी तिथूनच साहिलला फोन लावला, भाषांतर पाठवलं, दोन कप चहा घेतला आणि बस पकडायला गेले.

ते गेल्यावर बाईंचं कशात लक्ष लागेना. वरण करपलं. कपडे वाळत घालताना आकडे डोळ्यांपुढे यायला लागले. पांढऱ्या पेशी इतक्या वाढलेल्या, प्लेटलेट्स इतक्या खाली, आणि सतरावी ओळ मात्र एवढी स्वच्छ? साडेसहाला त्यांनी भाऊंना कागद दिला आणि वाचायला सांगितलं.

“काहून वं? ते तं गेलं ना पाठवून.”

“वाचा तुमी.”

भाऊ वाचायला लागले. सोळाव्या ओळीपर्यंत बोट नीट चाललं. सतराव्या ओळीवर थांबलं. भाऊ पुढे वाचत गेले, बोट हललं नाही.

ते वाक्य साहिलचं नव्हतंच. मागच्या महिन्यात हॅनोव्हरच्या कोण्या सत्तर वर्षांच्या आजोबांचा रिपोर्ट केला होता, त्यांचं वाक्य कॉम्प्युटरने आणून इथे बसवलं होतं आणि बाईंनी ते तसंच जाऊ दिलं होतं. साहिलच्या कागदावर लिहिलं होतं की कच्च्या पेशी आहेत, रक्ताच्या कॅन्सरचा संशय आहे, ताबडतोब दवाखान्यात पाठवा.

बाईंनी दोन्ही कागद पुन्हा शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. भाऊंनी पाणी आणलं, ते तसंच राहिलं. मशीनची चूक आहे, असं भाऊ म्हणायला गेले आणि बाईंचं तोंड पाहून त्यांनी वामनरावांचा नंबर लावून दिला. वामनराव घरी पोचलेच होते. बाईंनी फोनवर आधी माफी मागायची ठरवली होती, पण तोंडातून सरळ सतरावी ओळच निघाली.

तिकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग वामनराव म्हणाले, “त्याले तुमीच सांगा. माह्यानं होत नाही.” त्यांनी साहिललाही त्याच फोनवर जोडून घेतलं.

साहिल स्टेशनवर उभा होता. मित्रांसोबत दोन दिवस डोंगरात निघाला होता. दवाखान्याचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. पहिले दोन मीटिंगमध्ये राहून गेले आणि तिसरा त्याने मुद्दाम उचलला नाही, कारण तोवर बाबांनी सगळं नॉर्मल असल्याचं सांगितलं होतं. अकरा वर्षं बाई जे शब्द नुसते टाइप करत आल्या, ते त्यांनी पहिल्यांदा जिवंत माणसाला मराठीत सांगितले. एक वाक्य दोनदा सांगावं लागलं.

“चूक माझी आहे, साहिल. पण तू गाडीत चढू नको. आता दवाखान्यात जा.”

“सोमवारी गेलो तं?”

“नाही. आता.”

मागे गाडी आल्याचा आवाज झाला, पोरं त्याला हाका मारत होती. गाडी गेली. मग साहिल म्हणाला, “बाबा, तुमी आहा का लाइनवर?”

“आहो.”

“मी जातो. तुमी घाबरू नका.”

त्याचा फोन कटला. बाई आणि वामनराव लाइनवर तसेच राहिले. कोणी आधी ठेवायचा, हे दोघांनाही सुचत नव्हतं. बाईंनी विचारलं, घरी काकूंना सांगितलं का?

“ते गेली शेजारी पेढे वाटाले,” वामनराव म्हणाले. “मीच आणले होते, स्टँडावरून.”

मग फाटकाची कडी वाजलेली बाईंना फोनमधून ऐकू आली. पाठोपाठ एका बाईचा हसता आवाज अंगणातून जवळ येत गेला.

“आली,” वामनराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.