हव्वा आणि पोवळ्यातल्या बोडी

लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरच्या बाया टूना मासा कापतात, शिजवतात, धुरावर सुकवतात. होडीत मात्र पाय ठेवत नाहीत. का, असं विचारलं की पुरुषांना खोकला येतो. हव्वानं विचारणं सोडलं आणि ‘मला होडीत घ्या’ म्हणून ती सरळ तांडेल कासिमच्या मागे लागली. टूनासाठी जिवंत आमिष हेरायचं काम तिच्या बापाचं. मुलगा नव्हता, म्हणून त्यानं ते हिलाच शिकवलं. बाप वारला, आता ती गेली नाही, तर घराची होडीतली जागा दुसऱ्याला जाणार होती.

"बाई चढली की टूना पळतो, पोरी," कासिम म्हणायचा.

त्या सकाळी प्रवाळाच्या रांगेआतल्या उथळ पाण्यात खलाशांनी आमिषासाठी जाळं टाकलं. रुपेरी रेही मासे ढिगानं आले. हव्वा टोपली घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

"कासिमकाका, एक हातात धरून बघा."

कासिमनं धरला. तळहाताला खवलीच खवली चिकटली.

"खवली सांडली की मासा मेलाच म्हणून समजा. पोवळ्याच्या फांद्यांत बोडी आहेत, त्या घ्या. तांबूस, मोठ्या डोळ्यांच्या. वेळ लागेल, पण टिकतील."

"त्यांना हुसकत बसलो, तर टूना सिलोनला पोचेल!"

खलाशी खिदळले. होडी गेली. हव्वाला इतका राग आला की रडू फुटलं. रडत रडतच ती काठीनं पोवळं ढोसत राहिली आणि एकेक बोडी तरंगत्या टोपलीत सोडत राहिली.

दुपारी होडी परत आली. टूनाचा थवा सापडला होता, पण होडीच्या पोटातल्या पाण्यात रेही उलटे तरंगत होते. मेलेल्या आमिषाकडे टूना ढुंकूनही बघत नाही.

"टोपली दे, हव्वा," कासिम म्हणाला. "थवा अजून तिथंच आहे."

"टोपलीबरोबर मी येणार."

"अगं, बाई होडीत..."

"सकाळी कोण बाई होती होडीत? नाव सांगा तिचं!"

कासिमनं टोपलीसाठी हात पुढे केला. हव्वानं तोच हात धरला आणि वर चढली.

थवा दिसताच कासिम म्हणाला, "आण, मी फेकतो."

"तुम्ही सुकाणू सांभाळा."

तिनं मूठभर बोडी भिरकावल्या. टूना त्यांच्यावर तुटून पडले, पाणी उकळी फुटल्यासारखं उसळलं. खलाशी गळाच्या काठ्या धरून नुसते बघत राहिले.

"ओढा की!" हव्वा ओरडली. "का तेही मीच शिकवू?"