पत्त्याची बाजू

सन दोन हजारच्या सुमारास आमच्या कोल्हापुरातल्या कॉलेजने तत्त्वज्ञान विभाग बंद केला आणि तिथे कॉम्प्युटर लॅब काढली. कपाटं हलवताना मागे एक पुडकं सापडलं. एका जर्मन तत्त्वज्ञाने आमच्या निवृत्त सरांना लिहिलेली पत्रं होती ती. फिनॉमिनॉलॉजी म्हणजे काय, हे इकडच्या वाचकांना कळावं म्हणून त्याने सोप्या इंग्रजीत लिहिलेली. ती हरवली म्हणून सर वर्षानुवर्षं हळहळत होते. मी वरचं पत्र वाचलं. वस्तूबद्दल ऐकलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ती नीट बघा, असं त्यात होतं. तेवढ्यात प्राचार्यांनी पुडकं लॅबच्या उद्घाटनातल्या प्रदर्शनासाठी काढून घेतलं.

लॅबच्या उद्घाटनाला सरांना फेटा बांधून आणलं. त्या निळ्या परदेशी पत्रांना आतून मजकूर होता आणि बाहेरून पत्ता. प्रदर्शनाच्या समितीतल्या शहाण्यांनी तिकिटं दिसावीत म्हणून मजकुराची बाजू पुठ्ठ्याला डिंकाने घट्ट चिकटवली होती. यांना म्हशी राखायला ठेवलं असतं तर म्हशींनी तक्रार केली असती. सर वाकून नखाने एक कोपरा सोडवू लागले. कागद फाटला.

"सर, तिकडं काय बघताय, हिकडं क्यामेऱ्याकडं बघा की," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले.

सरांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सरांचे डोळे ओले दिसत होते. खाली छापलं होतं, 'परदेशी तिकिटांचा दुर्मिळ संग्रह पाहून भारावलेले निवृत्त प्राध्यापक.'