नसलेल्या हाताची मूठ

आधीच सांगून टाकतो, मी ख्रिस्ती आहे, पण चर्चमध्ये लोक उभं राहून आपापल्या चमत्कारांच्या साक्षी सांगायला लागले की चपला घालून बाहेर पडणाऱ्यांतला. भूत, करणी, दृष्टान्त... काही म्हणजे काही कधी पटलं नाही. आजही पटत नाही. तरी लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही, माझ्याच बाबतीत घडलेलं आहे.

आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे. महाडला हायवेलगत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. काही वर्षांपूर्वी गाडीतून लोखंडी गेट उतरवताना साखळी निसटली आणि गेट माझ्या डाव्या हातावर आलं. कोपराखाली हात कापावा लागला.

हात गेला, दुखणं राहिलं. नसलेल्या हाताची मूठ कायम आवळलेली असायची. इतकी घट्ट, की नखं तळव्यात रुतायची! मूठ दिसत नाही, मग सोडवणार कशी? डॉक्टर म्हणाले, "फँटम पेन. होतं असं." गोळ्या दिल्या. नखांचं मी त्यांनाही बोललो नव्हतो – वेडा समजतील म्हणून. ठाऊक होतं ते फक्त माझ्या बायकोला, एस्तेरला.

आमच्या चर्चचे पाळक घरी आले. माणूस चांगला. म्हणाले, "भाऊ, प्रभू या वेदनेतून तुम्हाला काहीतरी शिकवतोय."

मी म्हणालो, "शिकवायला हात तोडावा लागत असेल, तर मला त्या शाळेत बसायचं नाही."

एस्तेरने डोळे वटारले. पण त्या दिवसापासून मी रविवारची सभा सोडली ती सोडलीच.

गेल्या उन्हाळ्यात पोलादपूरच्या वर, कुडपणला खिडकीच्या ग्रिलचं काम आलं. घरात सुनंदाताई आणि त्यांची सासू, नवरा मुंबईला. माझा ड्रायव्हर रफिक आणि मी पिकअप घेऊन भर दुपारी पोचलो, तर अंगणात आरडाओरडा. सासू नुकतीच पायरीवरून पडली होती. पाय वाकडा झालेला, खुबा मोडला होता. जवळपास दुसरी गाडी नव्हती.

रफिक म्हणाला, "भाऊ, ग्रिल राहू दे. आधी आजींना खाली नेऊ."

फळीवर गोधड्या टाकून आम्ही आजींना मागच्या हौद्यात ठेवलं. सुनंदाताई पायांशी बसल्या, मी डोक्याशी. वळणावर फळी सरकू नये म्हणून उजव्या हाताने ती दाबून धरली. घाट लागला आणि आजी किंचाळायला लागल्या. डोळे गच्च मिटलेले.

"हात द्या रे कुनीतरी!"

"आजी, माझा उजवा हात फळीला लावलाय, सोडता यायचा नाय. आणि डावा..."

"हाय की ह्यो."

त्यांनी हात लांबवला. माझ्या रिकाम्या बाहीच्या पुढे, हवेत, त्यांची बोटं मिटली.

आणि मला ती लागली. खरखरीत, घामेजलेली बोटं. माझ्या मुठीवर.

"येवढी कशाला आवळलीस? नखं बघ कशी रुतलीत तळव्यात... सोड. सोड रे बाबा."

मी सोडली. कशी, ते विचारू नका. एकेक बोट उलगडत गेलं आणि त्यांच्या बोटांत जाऊन बसलं. मी रडायला लागलो, अगदी मोठ्याने. आजी कण्हत होत्या, पण किंचाळणं थांबलं होतं. पोलादपूर येईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.

सुनंदाताई टक लावून बघत होत्या. "दादा, आत्याबाय हवेत काय धरून हायत?"

मी फळी तेवढी दाबून धरून राहिलो.

आजींचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चालतात. भेटायला गेलो तेव्हा त्यांना सरळ विचारलं, "आजी, डावा हात तर मला नाहीच. घाटात काय धरलं होतं तुम्ही?" त्यांनी माझी रिकामी बाही चाचपून बघितली.

"तुझा नव्हता? मग कोनाचा व्हता? गरम व्हता तो."

डॉक्टर म्हणतात, मेंदूचा खेळ. असेल. माझ्या मेंदूचा खेळ समजू शकतो. आजींना नखं कुठून कळली?

पाळकांनी साक्ष द्यायला बोलावलं. गेलो, आणि उभा राहून म्हणालो, "हे दुखणं देवाने दिलं असं कुणी म्हणालं, तर मी आजही भांडेन. पण एक गोष्ट डोक्यात बसलीय. येशू मेलेल्यांतून उठला, तेव्हाही हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच. पुसता आल्या असत्या, पुसल्या नाहीत. खुणा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्यासमोर त्याने तेच हात धरले. एवढंच मला कळलंय. पुढचं कुणी मला शिकवू नका."

कुणी आमेन म्हटलं नाही. मग एस्तेरने म्हटलं. एकटीने, खणखणीत.

दुखणं अजून येतं. मात्र मूठ पुन्हा वळली नाही. त्या घाटात काय झालं याचा उलगडा मला झालेला नाही, आणि उगाच जुळवून सांगणारही नाही. आता ओळखीत कुणी हाडं मोडून पडलं की मी जातो. देवाची इच्छा वगैरे बोलत नाही. खुर्ची ओढतो आणि शेजारी बसतो.