सांध्यातलं चंदन

आमच्या मोटारीचा मेस्त्री सगळ्याला एकच उत्तर देई, "सरी." तमिळातलं हे 'बरं' त्यानं आखूड म्हटलं की समजावं, गप्प बसा, लांबवलं की समजावं, सापडलं. गिऱ्हाइकाला तो बोलूच द्यायचा नाही. "तुम्ही नको, गाडीला सांगू दे," म्हणायचा.

खंडेनवमीला मोटारीची पूजा झाली आणि ती वेग घेताना आतून ठोके देऊ लागली. दिवस भरत आलेल्या लेकीला ओरत्तनाडूहून आणायचं होतं. आमचे हे म्हणाले, "इंजिन खोलावं लागणार, आता बैलगाडीच." त्या रस्त्याचे हिसके आठवून माझा जीव थाऱ्यावर नव्हता बघा.

मेस्त्री आमच्या ह्यांच्या शेजारी बसून राजवाड्यापर्यंत फेरी मारून आला. डोळे मिटून बसला होता म्हणे. उतरला तो "सरीऽऽ" म्हणतच. इंजिनातल्या ठिणगीची वेळ मागेपुढे करायची दांडी अडकल्यामुळे ठिणगी वेळेआधी पडत होती, त्याचेच ते ठोके. दांडीच्या सांध्यात चंदन वाळून बसलेलं. पूजेत सासूबाईंनी चंदन लावताना एकही कळ सोडली नव्हती.

त्या ओसरीवरच होत्या. "काय निघालं रे?"

"धूळ, आईसाहेब." त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं सांधा पुसला, मग त्यांच्याकडूनच चंदन मागून रेडिएटरच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. "पुढल्या वर्षी इथंच लावा. देवाला इथून रस्ता दिसतो."

दुसऱ्या दिवशी लेक मोटारीतून हसत उतरली. सासूबाई तिला म्हणाल्या, "टिळा जागेवर लावला ना, म्हणून सुखरूप आलीस."

मी म्हटलं, "सरी." आखूडच.